चित्रांचा लिलाव, मनाचा दवाखाना: अमेरिकेतल्या लॅटिनो वस्त्यांमधली वर्गणी चालते कशी?

गणपती विसर्जनाच्या दिवशी मंडळापुढच्या नारळाचा लिलाव कसा होतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणारा नारळ तिथं पाच हजारांना जातो. नारळाची खरी किंमत सगळ्यांना माहीत असते, बोली लावणाऱ्यालाही. पैसा मंडळाला मिळतो, मान बोलीवाल्याला. अमेरिकेतल्या लॅटिनो वस्त्यांमध्ये असाच एक प्रकार चालतो. तिथं नारळाच्या जागी चित्र असतं, आणि जमलेला पैसा मनाच्या आजारावरच्या उपचाराला जातो.

झोप उडालेली बाई, दारूत बुडालेला बाप, शाळेत तोंडच न उघडणारं पोर. अशा घरांना तिथं डॉक्टर नाहीत असं नाही. डॉक्टर आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला विम्याचं कार्ड लागतं, इंग्रजी लागतं आणि कामावरून सुट्टी लागते. यातलं एकही ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी वस्तीतलेच चित्रकार, वादक, नाचणारी मुलं आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया मिळून पैसा उभा करतात. तो कसा उभा राहतो, कुठे जातो आणि कुठे कमी पडतो, ते समजून घेण्यासारखं आहे.

लॅटिनो म्हणजे कोण?

मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको अशा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांत ज्यांचं मूळ आहे, त्यांना अमेरिकेत लॅटिनो म्हणतात. 2020 च्या जनगणनेत त्यांची संख्या 6 कोटी 21 लाख भरली. म्हणजे दर शंभर अमेरिकनांमागे जवळपास 19 जण. यातले सगळेच नवे आलेले नाहीत. टेक्सास आणि कॅलिफोर्निया हे मुलूख 1848 पर्यंत अमेरिकेने मेक्सिकोकडून घेतले, त्यामुळे काही घराणी अमेरिकेच्या आधीपासून तिथं आहेत. पोर्तो रिकोची माणसं तर जन्मानेच अमेरिकेची नागरिक असतात.

पण शेतात स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं तोडणारे, कत्तलखान्यात मांस कापणारे, बांधकामावर आणि हॉटेलच्या मोरीवर राबणारे मजूर पाहिले, तर त्यात लॅटिनोंचा भरणा मोठा. कॅलिफोर्नियातला शेतमजूर पिकामागे गाव बदलतो. बीडचा ऊसतोड कामगार कारखान्यामागे फिरतो, तसंच काहीसं. पोरांची शाळा, बाईचं आजारपण, घरातलं भांडण, सगळं त्या फिरण्यात होऊन जातं.

उपचार अडतो कुठे?

पहिली अडचण पैशाची. अमेरिकेत दवाखाना विम्यावर चालतो. ज्यांच्याकडे देशात राहायचे कागद नाहीत, त्यांना केंद्र सरकारची गरिबांसाठीची मेडिकेड योजना मिळत नाही, फक्त जीवावर बेतलं तर तातडीच्या उपचारापुरती सोय आहे. सरकारी विमा बाजारातून स्वतःचे पूर्ण पैसे भरून विमा घेतो म्हटलं तरी त्यांना परवानगी नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपल्या तिजोरीतून वाट काढली, पण अशी धोरणं अंदाजपत्रकागणिक बदलतात. घरात आई कागदाविना आणि मुलं तिथंच जन्मलेली, म्हणून मुलांना विमा आणि आईला नाही, अशी घरंही भरपूर आहेत.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती पैशापेक्षा अवघड आहे. ताप आला तर खुणेनेही सांगता येतं. छातीत धडधड का होते, रात्री काय विचार येतात, हे खुणेने सांगता येत नाही. दुभाषा नसला की घरातलं शाळकरी पोर मध्ये बसतं. आईला मरून जावंसं वाटतं, हे दहा वर्षांच्या मुलीने डॉक्टरला इंग्रजीत करून सांगायचं. आई मग ते सांगतच नाही, डोकं दुखतं एवढंच सांगते. त्यातही ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या पुष्कळांची मायबोली स्पॅनिश नसतेच, ते मामसारख्या माया भाषा बोलतात. म्हणजे स्पॅनिश दुभाषा आणूनही काम भागत नाही.

तिसरी अडचण लाजेची. ती आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच टोचतो. तिकडच्या बाया ‘नर्व्हिओस’ म्हणतात, म्हणजे नसा हलल्यात, जीव घाबरा होतोय. काहीजण ‘सुस्तो’ म्हणतात, म्हणजे मोठी दचक बसली आणि जीव अंगातून निसटला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या जाडजूड पुस्तकातही या शब्दांना जागा मिळाली आहे. पण छापील फॉर्मवर ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ असं विचारलं की बाई सरळ ‘नाही’ला खूण करते. ‘नर्व्हिओस होतात का’ विचारलं की बोलायला लागते.

फ्रेस्नोचा धडा

कॅलिफोर्नियातला फ्रेस्नो जिल्हा शेतीचा. तिथं विल्यम वेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांची पाहणी केली. ती 1998 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने अभ्यासकांना विचारात पाडलं. मेक्सिकोतून आलेल्यांपैकी आयुष्यात कधीतरी मानसिक आजार झालेले सुमारे 25 टक्के निघाले. अमेरिकेतच जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांत हेच प्रमाण 48 टक्के होतं. गरीब, भाषा न येणारा, नवखा माणूस मनाने जास्त धड, आणि शाळा शिकलेला, इंग्रजी बोलणारा त्याचा मुलगा जास्त खचलेला!

याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद आहेत. धडधाकट माणसंच घर सोडून निघतात, असं काहीजण म्हणतात. गावाकडून सोबत आणलेलं काहीतरी, मोठं कुटुंब, सणवार, एकमेकांच्या घरी उठबस, माणसाला धरून ठेवतं आणि पुढच्या पिढीत ते विरत जातं, असं इतरांचं म्हणणं. दोन्हींत थोडंथोडं खरं असावं. पण वस्तीतल्या संस्थांनी दुसरी गोष्ट पकडली. नाच, गाणं, सण यांना त्यांनी करमणुकीत जमा केलं नाही, औषधाच्या पेटीत ठेवलं. ‘ला कुल्तुरा कुरा’, म्हणजे आपली संस्कृतीच बरं करते, हे वाक्य त्या चळवळीत सारखं ऐकू येतं.

त्याच फ्रेस्नोच्या पाहणीत आणखी एक आकडा होता. आजार असलेल्यांपैकी जेमतेम पाव लोकांनी वर्षभरात कुठलीतरी मदत घेतली होती. बाहेरून आलेल्यांत हे प्रमाण तिथं जन्मलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. नवा आलेला माणूस आजारी कमी पडतो, पण पडला तर एकटाच पडून राहतो.

दवाखाने आणि कला एकाच गल्लीत

या अडचणीवर सरकारची वाट न पाहता काही वस्त्यांनी आपापली सोय केली. ओकलंड शहरात 1971 मध्ये स्वयंसेवकांनी ‘ला क्लिनिका दे ला रासा’ सुरू केलं. ‘ला रासा’ म्हणजे आपली माणसं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात 1978 मध्ये ‘इन्स्तितूतो फामिलियार दे ला रासा’ ही संस्था उभी राहिली, ती खास लॅटिनो कुटुंबांच्या मनाच्या आरोग्यासाठी. शिकलेल्या समुपदेशकांच्या जोडीला परंपरेतले विधी, उत्सव आणि जाणती माणसं यांनाही तिनं जागा दिली. दोन्ही संस्था आजही चालू आहेत.

मिशन भागाची गंमत अशी की तिथं दवाखाना आणि कला एकाच मुलखात वाढली. 1970 मध्ये ‘गॅलेरिया दे ला रासा’ हे चित्रदालन सुरू झालं, 1977 मध्ये लॅटिनो कलांचं सांस्कृतिक केंद्र. बामी गल्लीतल्या भिंती चित्रांनी भरल्या. त्यामुळे समुपदेशक आणि चित्रकार यांची ओळख कुणी मुद्दाम करून द्यावी लागली नाही. एकाची मावशी दुसऱ्याकडे उपचाराला, दुसऱ्याचं पोर पहिल्याकडे चित्रं शिकायला.

कलेतून लोकांसाठी पैसा उभा करायची सवय तर त्याहून जुनी आहे. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोला द्राक्ष मजुरांचा मोठा संप झाला. लुईस वाल्डेझ या तरुणाने संपकरी मजुरांनाच घेऊन ‘एल तेआत्रो कांपेसिनो’, म्हणजे शेतकऱ्यांचं नाटक मंडळ काढलं. ट्रकच्या उघड्या हौद्यावर नाटकं व्हायची. मालकाचं सोंग घेतलेला मजूर आला की शेतात हशा पिकायचा. पुढे हे मंडळ गावोगाव फिरलं आणि संपासाठी पैसा गोळा केला. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या कलापथकांनी इकडे जे केलं, त्याची आठवण यावी असं काम.

ती संध्याकाळ असते कशी?

असा निधी गोळा करणारा कार्यक्रम साधारणपणे शाळेच्या हॉलमध्ये, चर्चच्या तळघरात किंवा चित्रदालनात होतो. वर कातरकाम केलेल्या कागदी पताका, त्यांना ‘पापेल पिकादो’ म्हणतात. एका टेबलावर तमालेस: मक्याच्या पिठात मांस किंवा मिरची भरून, मक्याच्याच सालपटात गुंडाळून वाफवलेलं खाणं. चव वेगळी, पण हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखीच गुंडाळायची रीत. मुली रुंद घेराचे घागरे घालून नाचतात, कुठे मारियाची वादक येतात.

मग ‘लोतेरिया’. ही मेक्सिकोची हौजीच, पण अंकांच्या जागी चित्रं असतात: कोंबडा, चंद्र, सूर्य, निवडुंग. पुकारणारा नुसतं नाव घेत नाही, यमक जुळवून कोडं घालतो. कार्ड दोन-पाच डॉलरला, म्हणून गरीब घरातली आजीही खेळात बसते. निधी गोळा करण्यात लोतेरियाचा वाटा रुपयांत लहान असतो, पण आपणही पैसे दिले, नुसते घ्यायला आलो नाही, ही भावना तिथंच तयार होते. ज्यांना उद्या समुपदेशनाला यायचंय, त्यांच्यासाठी ही गोष्ट फार मोठी आहे.

भिंतीला लागून चित्रं मांडलेली असतात आणि प्रत्येकाखाली एक कागद. हा मुका लिलाव. ओरडून बोली नाही. आवडलं तर कागदावर नाव आणि रक्कम लिहायची, दुसरा आला की त्याखाली त्याहून मोठी रक्कम लिहितो. ठरलेल्या वेळी कागद उचलतात, शेवटचं नाव ज्याचं त्याचं चित्र. लाजाळू माणसालाही भाग घेता येतो, हा त्याचा फायदा. मास्तरीणबाईने लिहिलेली रक्कम वकीलसाहेबांनी ओलांडली आणि बाईंनी परत येऊन आणखी दहा डॉलर चढवले, अशी हळू आवाजातली चुरस रात्रभर चालते.

या सगळ्यात मनाचा आजार कुठे आहे? दाराजवळच्या एका साध्या टेबलावर. तिथं स्पॅनिश बोलणारी एक बाई बसलेली असते. जाहिरातीवर पुष्कळदा ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द ठळक नसतात, ‘कुटुंबांसाठी संध्याकाळ’ एवढंच असतं. या टेबलापाशी थांबलं म्हणून कुणी वेडं ठरत नाही, कारण त्याच टेबलावर रक्तदाब तपासायची आणि शाळेच्या प्रवेशाची माहितीही ठेवलेली असते. कार्यक्रमात जमलेल्या पैशाइतकीच या टेबलाची किंमत धरली पाहिजे. हिशोबाच्या वहीत मात्र ती कुठंच दिसत नाही.

झेंडू आणि गेलेल्या माणसांचे फोटो

वर्षातला सगळ्यात मोठा असा प्रसंग म्हणजे 1 आणि 2 नोव्हेंबरचा ‘दिया दे लोस मुएर्तोस’, मृतांचा दिवस. आपल्या सर्वपित्री अमावास्येचा भाऊच म्हणा. पण इथं कावळ्याची वाट बघत नाहीत. घरात पायऱ्यांची आरास करतात, गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, त्याच्या आवडीचं खाणं, पाव, मीठ, पाणी, मेणबत्ती मांडतात. आणि झेंडूची फुलं, ढिगाने. वासावरून आत्म्याला घरची वाट सापडते असं मानतात. दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचाच. समुद्र ओलांडून तो इकडे आला आणि इतका घरचा झाला की कुणाला शंकाही येत नाही.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ नावाचं छपाई केंद्र आहे. कॅरन बोकालेरो या ख्रिस्ती साध्वीने काही चित्रकारांना घेऊन 1970 मध्ये ते एका गॅरेजमध्ये सुरू केलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते मृतांचा दिवस रस्त्यावर, सगळ्या वस्तीचा म्हणून साजरा करत आले आहे. सॅन फ्रान्सिस्कोत गॅलेरिया दे ला रासाने याच काळात ही प्रथा रुजवली. मेक्सिकोत घरात आणि स्मशानात होणारा सण अमेरिकेत सार्वजनिक झाला, तो असा कलाकारांच्या हातून.

मनाच्या दवाखान्याला हा सण का हवासा वाटतो? कारण दुःखाबद्दल बोलायला इथं कुणाची परवानगी लागत नाही. सीमा ओलांडताना वाळवंटात गेलेला भाऊ, गावी वारलेली आणि कागद नसल्यामुळे जिच्या मातीला जाता आलं नाही अशी आई, गोळीबारात गेलेला मुलगा. फोटो मांडता मांडता माणूस सांगायला लागतो. शेजारी उभी असलेली समुपदेशक त्या वेळी काही ‘उपचार’ करत नाही, ऐकून घेते. पुढच्या आठवड्यात त्यातले दोघे-तिघे दवाखान्याची पायरी चढतात.

युवाल्डी: एका तालुक्याएवढ्या गावाची गोष्ट

टेक्सासमधलं युवाल्डी हे सुमारे 15 हजार वस्तीचं गाव. बहुतेक माणसं मेक्सिकन वंशाची. मोठं शहर सॅन अँटोनियो, सुमारे 130 किलोमीटरवर. 24 मे 2022 रोजी तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत एका तरुणाने बंदूक चालवली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. एवढ्या लहान गावात प्रत्येक घराचं कुणी ना कुणी त्यात होतं.

अशा वेळी बाहेरून समुपदेशक येतात, काही दिवसांनी परततात. गावाला त्यानंतरही जगायचं असतं. एबल ऑर्टिझ हे तिथले चित्रकार आणि कॉलेजातले कलाशिक्षक. त्यांनी ऑस्टिनच्या ‘मास कुल्तुरा’ या संस्थेच्या मोनिका माल्डोनाडो यांच्या सोबतीने राज्यातल्या चित्रकारांना हाक दिली. गावातल्या भिंतींवर 21 मोठी चित्रं उभी राहिली, गेलेल्या प्रत्येकाचं एक. मनाला येईल ते रंगवलं नाही. आईबापांशी बोलून, पोराला काय आवडायचं ते विचारून रंगवलं. लोकांनी देणग्या दिल्या, कलाकारांनी आपला वेळ दिला. ऐन उन्हाळ्यात, टेक्सासच्या भाजणाऱ्या उन्हात, आईबाप भिंतीखाली येऊन बसायचे आणि आपल्या पोराचा चेहरा उमटताना बघायचे.

भिंतीवरच्या चित्राने त्यांचं दुःख बरं झालं असं कुणी म्हणू नये. त्या कुटुंबांना वर्षानुवर्षं समुपदेशक लागणार, तपासाबद्दलचा राग वेगळाच, आणि काहींना तर त्या रस्त्याने जाणंही जड जातं. रंगाने एक गोष्ट केली: गावाने हे विसरायचं ठरवलेलं नाही, हे दर चौकात दिसायला लागलं.

पैशाचा हिशोब

आता रोकड्याचं बोलू. समजा एका कार्यक्रमात 40 चित्रं गेली, सरासरी 150 डॉलरला. म्हणजे 6 हजार डॉलर. हॉल, खाणं, छपाई, वादक यांवर 1,500 गेले. उरले 4,500. विमा नसलेल्याला मोठ्या शहरात समुपदेशनाच्या एका बैठकीला 150 डॉलर सहज पडतात. म्हणजे 30 बैठका. एका माणसाला आठ-दहा बैठका लागल्या, तर तिघाचौघांचं भागलं. शंभर माणसं महिनाभर राबली आणि चौघांचं काम झालं, असा हा उघडा हिशोब. हे आकडे उदाहरणादाखलचे आहेत, पण लहान कार्यक्रमांचं प्रमाण साधारण असंच बसतं.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण सरकारी अनुदान आणि विम्याचे पैसे बांधलेले असतात. अमुक कामाला, अमुक फॉर्म भरून, अमुक मिनिटांसाठी. लिलावाचे पैसे मोकळे असतात. आई आत बोलत असताना पोराला सांभाळणाऱ्या बाईचे पैसे यातून देता येतात. शेतातून दवाखान्यापर्यंतच्या गाडीचं पेट्रोल, माम भाषेचा दुभाषा, कागद नाहीत म्हणून कुठल्याच रकान्यात न बसणारी बाई, यातूनच सांभाळली जाते. पुष्कळ संस्था ऐपतीप्रमाणे फी घेतात, कुणाकडून 60 डॉलर तर कुणाकडून पाच. मधली तूट अशा पैशाने भरते.

जे या पैशातून होत नाही तेही स्पष्ट आहे. समुपदेशकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, कार्यक्रम वर्षातून एकदा. लिलावाच्या भरवशावर माणूस नेमला की पुढच्या वर्षी त्याला काढायची वेळ येते, आणि ज्याच्यापुढे मन उघडं केलं तोच निघून गेला, हे आजारी माणसाला फार लागतं. म्हणून जाणत्या संस्था पगार अनुदानातून आणि वरखर्च लिलावातून असा बंदोबस्त ठेवतात. थाटामाटाच्या नादात खर्चच मिळकतीला गिळतो, हा अनुभवही तिकडे आहे. तो कुठल्या देशाला नवा?

आणि चित्रकाराला काय मिळतं?

फार थोडं. अमेरिकेत नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते, आपल्या 80जी सारखी. पण नियमात एक मेख आहे. चित्रकाराने स्वतःचं हजार डॉलरचं चित्र दान केलं, तरी त्याला सवलत फक्त रंग आणि कॅनव्हासच्या खर्चावर मिळते. कष्टाची आणि कसबाची किंमत शून्य. विकत घेणाऱ्यालाही पूर्ण रकमेवर सवलत नाही: चित्राची बाजारातली किंमत 200 आणि त्याने 300 दिले, तर देणगी 100 चीच. 75 डॉलरच्या वर रक्कम घेऊन बदल्यात वस्तू दिली, तर संस्थेने ही फोड लेखी द्यायची असते.

एकच चित्रकार वर्षात दहा ठिकाणी फुकट चित्र मागितलं जाण्याने वैतागतो, आणि बहुधा तोही गरीबच असतो. यावर जुना उपाय छापील चित्रांचा. रेशमी जाळीतून एकाच चित्राच्या पन्नास-शंभर प्रती काढायच्या, प्रत्येकीवर नंबर आणि सही. सेल्फ हेल्प ग्राफिक्समध्ये प्रतींचा वाटा चित्रकाराला आणि वाटा केंद्राला, अशी रीत पडली. चित्रकाराच्या हाती विकायला काहीतरी उरतं, संस्थेलाही माल मिळतो, आणि किंमत कमी असल्याने शेजारचा बसचालकही घरात खरं चित्र लावू शकतो. चित्र देणाऱ्याला निम्मे पैसे परत देणारे लिलावही असतात. तेच जास्त न्यायाचं.

प्रोमोतोरा, आणि गोव्याचा धागा

जमलेल्या पैशाचं सगळ्यात चांगलं चीज जिथं होतं, ती बाई म्हणजे ‘प्रोमोतोरा’. आपल्या आशाताईंसारखी: त्याच वस्तीतली, फारशी न शिकलेली, पण घरोघरी चहाला बसू शकणारी. नर्व्हिओस आणि सुस्तो यांचा अर्थ तिला पुस्तकातून शिकावा लागत नाही. थोडं प्रशिक्षण दिलं की ती ओळखते, ऐकते, आणि प्रकरण हाताबाहेरचं असेल तर डॉक्टरकडे नेते.

डॉक्टर नसलेल्या माणसाला हे जमतं का, याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून गेलाय. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये स्थापन केलेल्या ‘संगत’ संस्थेने गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्याच्या 495 रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना जोडीला सहा ते आठ बैठका. बैठकीत काय? मन खचल्यावर माणूस ज्या गोष्टी सोडून देतो, शेजारी जाणं, भजनाला जाणं, परसात काम करणं, त्या एकेक करून पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के बरे झाले होते, इतरांत 39 टक्के. 2017 मध्ये हा निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. पटेल पुढे हार्वर्डला गेले, आणि तिथल्या त्यांच्या ‘एम्पॉवर’ कार्यक्रमातून ही पद्धत टेक्साससह अमेरिकेत शिकवली जाऊ लागली.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्येही शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ‘विश्राम’ नावाचा असाच प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात ते 27 झाले. तिथंही पहिली ओळख गावातल्या माणसानेच करून दिली होती.

अमेरिकेत 16 जुलै 2022 पासून मनाच्या संकटासाठी 988 हा तीन आकडी नंबर आहे, आणि 2 दाबलं की पलीकडून स्पॅनिश बोलणारा माणूस येतो. आपल्याकडे ऑक्टोबर 2022 पासून सरकारचा ‘टेली मानस’ नंबर आहे: 14416. चोवीस तास चालतो, फोन फुकट लागतो, मराठीतून बोलता येतं.